फक्कीचं घर

वाटण्या झाल्या आणि आम्ही घोडेगावजवळ शेतातल्या छपरात राहायला आलो. त्याच उन्हाळ्यात आईनं वडिलांच्या मागं लागून घराची जागा ठरवली. दोरी धरून तिनं स्वतः चुन्याची फक्की मारली: दोन खोल्या, पडवी, पूर्वेला दार. सुगी झाली की पाया खणायचा, असं ठरलं.

पण पाऊसच झाला नाही, मग सुगी कुठली! फक्की पुसट झाली की आई चुलीतल्या राखेनं रेघा पुन्हा ओढायची. त्या रेघा ओलांडायची आम्हाला बंदी होती. मी एकदा हंडा घेऊन मधूनच आले, तर म्हणाली, "भिताडातनं आलीस व्हय गं? भूत हाईस का?" दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आली, तरी संध्याकाळी ती 'स्वयंपाकघरात' बसून, 'खिडकी'कडं तोंड करून रेशनची मिलो ज्वारी निवडायची. शेजारच्या वस्तीवरच्या बायका हसायच्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वडील मुद्दाम भिंतीतून आरपार जायचे. वर म्हणायचे, "बाजारात तुरी आन् भट भटनीला मारी!"

"हसा," आई म्हणायची. "मला समदं दिसतंय. कोनाडासुदिक."

वैरण संपली तेव्हा वडील बैलजोडी घेऊन घोडेगावच्या बाजारात गेले. संध्याकाळी परतले ते नुसती दावी हातात घेऊन. बैल गेले म्हणजे घरही गेलं, एवढं मलाही कळत होतं. आई तिच्या जागेवर बसली होती. आता वडील पायानं राख उधळणार, या भीतीनं मी छपराच्या मेढीला धरून उभी राहिले.

वडील रेघेपाशी थांबले. मग वळसा घालून पूर्वेला आले, वहाणा बाहेर काढल्या आणि जिथं काहीच नव्हतं तिथं मान वाकवून आत आले. दावी कोपऱ्यात ठेवली.

"दार लई ठेंगनं झालंय," ते म्हणाले. "जरा उंच धर."

"धरते की," आई म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून रडायला लागली. त्या सबंध दुष्काळात मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

घर व्हायला पुढं चार वर्षं गेली. एवढी उंच चौकट कशाला, म्हणून गवंडी वाद घालत होता. वडिलांनी त्याचं काही एक ऐकलं नाही.