कोणीबाई

शाहूपुरीतल्या मुलींच्या शाळेत हाफिजा अत्तार इंग्रजी शिकवायच्या आणि मुली त्यांना कोणीबाई म्हणायच्या. तोंडावर नाही अर्थातच. पण नाव इतकं रुळलं होतं की पालकही फाटकात चौकशी करताना ते चुकून बोलून जात.

नावामागं कारण होतं. वर्गात कुठलंही क्रियापद आलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणी?" आणि तो इंग्रजीपुरताच नव्हता.

"बाई, खिडकीची काच फुटली."

"काच आपोआप फुटत नाही. फोडली म्हण. कोणी?"

मग वर्गात खसखस पिकायची आणि काच फोडणारी मुलगी आपोआप उभी राहायची. बाई तिला रागवत नसत. "आता वाक्य पुरं झालं," एवढंच म्हणून फळ्याकडं वळत.

आठवीच्या पुस्तकात एका धड्यात 'रिन्यू' हा शब्द होता. तो शिकवायला बाईंना फार आवडे. मुली म्हणत, रिन्यू म्हणजे नवीन करणे. बाई मान हलवत. "नाही. फाटलेली चप्पल शिवून आणली तर ती रिपेअर. जुनी टाकून दुसरी घेतली तर ती नवीन. रिन्यू त्या दोन्हींच्या मधलं. वाचनालयातून पुस्तक आणलंस, मुदत संपली, वाचून झालं नाही. तू जाऊन मुदत वाढवून घेतेस. पुस्तक तेच, पानं तीच, घडी पडलेला कोपरा तोच. फक्त मुदत नवी." मग जुनी मैत्री रिन्यू होते ती कशी, झाडाची पालवी कशी, थकलेल्या माणसाचं बळ कसं, हे एकेक करून सांगत. आणि शेवटी बजावत, "मराठीत आपण 'झालं' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत ते चालत नाही. पुस्तक स्वतःला रिन्यू करत नाही. कोणी तरी करतं. ते कोणी, ते सांगायचं."

हे शिकवताना बाईंच्या आवाजात काही वेगळं येतं का, हे आठवीतल्या मुलींना कळण्यासारखं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मात्र ते सगळ्यांना ठाऊक होतं. कारण बाई स्वतःच दर वर्षी रिन्यू होत होत्या.

एकोणसत्तर साली त्या शाळेत लागल्या, त्या तात्पुरत्या. एप्रिल संपला की नोकरी संपे. जूनमध्ये संस्थेची इच्छा असली तर पुन्हा सुरू होई. सलग दोन वर्षं झाली की माणूस कायम करावं लागतं, म्हणून मध्ये हा खंड ठेवलेला. बाकी शिक्षकांना मे महिन्याची सुट्टी असे. बाईंना सुट्टी नसे, कारण त्या महिन्यात त्या कुणाच्याच नोकर नसत.

"रेडिओचं लायसन आणि आमच्या हाफिजाबाई," ड्रॉइंगचे मास्तर म्हणत, "वर्षाला एकदा रिन्यू." सगळे हसत. बाईही हसत. चहाच्या वेळी हसला नाहीत तर पुढचा चहा कडू होतो, हे त्या पहिल्या वर्षीच शिकल्या होत्या.

शिपाई केरबा दर जूनला फाटकातच विचारी, "बाई, झाली न्हवं रिन्यू?"

"झाली, केरबा."

"ब्येस झालं. आमचं कपाटातलं मांजार पर्मनंट हाय बघा शाळंत. तुमचंच तेवढं ऱ्हायलंय."

केरबाच्या मनात वाईट काही नसे. त्याला फक्त मांजराची मजा वाटे.

संस्थेचे चेअरमन नृसिंहराव, सगळे त्यांना अण्णा म्हणत. राजारामपुरीत त्यांचा बंगला. मे महिन्यात बाई तिथं जात. जा असं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण पहिल्या वर्षी गेल्या आणि जूनमध्ये ऑर्डर निघाली, म्हणून दुसऱ्या वर्षी गेल्या. अण्णांच्या पत्नी माई मायाळू होत्या. "हाफिजाबाई, तुमच्या हाताला काय टाका आहे हो," असं म्हणून पडदे, अभ्रे, टेबलक्लॉथ असं एकेक पुढं ठेवत. सांडगे-पापडाच्या दिवसांत बायकांची पंगत माजघरात बसे. बाईंची चटई मागच्या व्हरांड्यात असे. तिथं खिडकीत एक कपबशी पालथी घातलेली असायची. निळ्या फुलांची. ती त्यांची. चहा झाला की बाई ती स्वतः विसळत आणि पुन्हा पालथी घालत. एका वर्षी तिचा कान तुटला. पुढच्या मेमध्ये बाई गेल्या तर खिडकीत तसलीच नवी कपबशी.

"रिन्यू केली हो तुमची कपबशी," माई कौतुकानं म्हणाल्या. "अण्णा सारखे म्हणतात तो शब्द. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. व्याकरणाच्या दृष्टीनं तर अगदी बरोबर होतं. त्या घरात 'झाली' न म्हणता 'केली' म्हटलेलं त्यांनी तेवढं एकदाच ऐकलं.

घरी त्या आणि त्यांची आई चाँदबी, दोघीच. वडील लवकर गेलेले. मूळचे कुरुंदवाडचे, तिथं आता कुणी नव्हतं. चाँदबीच्या डोळ्यांना पुरतं दिसत नसे, पण दर जूनला लेक दारात आली की ती पावलांवरून ओळखी आणि एकच विचारी, "पक्की हुई क्या गे?"

"नहीं अम्मा. फिर से हुई."

"फिर से तो फिर से," चाँदबी म्हणे आणि चुलीकडं सरके.

शहात्तरची दिवाळी आली तेव्हा बाई एकोणतीस वर्षांच्या होत्या. तिशीपुढची नवी बाई कुठलीच शाळा घेत नसे, आणि मधल्या खंडामुळं बाई दर जूनला नव्याच ठरत. म्हणजे कायम व्हायचं तर येत्या जूनपर्यंतच. नाहीतर मास्तरकी संपली. त्याच दिवाळीत इंग्रजीच्या जुन्या बाई निवृत्त होणार हे ठरलं आणि एक कायमची जागा मोकळी झाली. अण्णांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, येत्या जूनला तुमचं पक्कं करून टाकू. तुम्ही काय, घरच्याच आहात." मग चष्मा पुसत म्हणाले, "आमची नंदिनी बी.एड. करतेय. तिला नोकरी कुठं करायचीय, रिकामी बसण्यापेक्षा बरं. तेवढं तिचं इंग्रजी जरा बघा. पार पाडा एवढं."

नंदिनी अण्णांची सून. गोड स्वभावाची, गोरीपान, आणि इंग्रजी वाक्यापुढं उभी राहिली की घाम फुटणारी. बाईंनी तिला घडवलं. संध्याकाळी शाळा सुटली की राजारामपुरीत जायचं आणि व्हरांड्यात बसून तिच्याकडून वाक्यं घोटून घ्यायची.

"बाई, 'द लायसन्स वॉज रिन्यूड' यात चूक काय आहे?"

"चूक नाही. अर्धं आहे. बाय कोणी?"

"प्रत्येक वेळी काय हो कोणी कोणी."

"वर्ग त्यानंच जागा राहतो. विचारून बघा."

मार्चमध्ये नंदिनीचा परीक्षेचा पाठ याच शाळेत, आठवीच्या वर्गावर झाला. परीक्षक कोपऱ्यात आणि बाई शेवटच्या बाकावर. नंदिनीनं फळ्यावर शब्द लिहिला, रिन्यू. चप्पल आली, वाचनालयाचं पुस्तक आलं, घडी पडलेला कोपरासुद्धा आला. एक मुलगी म्हणाली, पुस्तक रिन्यू झालं. नंदिनीनं मान जराशी वाकडी केली, अगदी बाईंसारखी, आणि विचारलं, "झालं? कोणी केलं?"

तीस मुलींनी एकदम मागं वळून हाफिजाबाईंकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवले. बाईंना भरून आलं. शिकवलेलं असं जसंच्या तसं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळणं मास्तरकीत फार कमी वेळा घडतं. परीक्षक खूश झाले. नंदिनी बाहेर येऊन बाईंच्या पाया पडली. "बाई, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं."

त्या मेमध्ये चाँदबीनं शेजारणींना सांगून टाकलं. मना करूनही ऐकलं नाही. "आता पक्की होनेवाली है मेरी बेटी," असं पाणी भरायला गेलं तरी सांगे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाई बंगल्यावर गेल्या. चटईवर बसल्या. माईंनी निळ्या फुलांच्या कपात चहा ओतला, नेहमीपेक्षा थोडा जास्त. अण्णा आतून आले आणि आरामखुर्चीत टेकले. आतल्या खोलीत नंदिनी नव्या साड्यांच्या घड्या मोडून बघत होती. शाळेत नेसायला हलका रंग बरा की गडद, असं काहीतरी माईंना दारातूनच विचारत होती. बाईंनी ते ऐकलं आणि कप बशीत ठेवला.

"बाई, त्या जागेवर नंदिनीची ऑर्डर झालीय," अण्णा म्हणाले. "काय आहे, पास झाली चांगली. परीक्षकांनी स्वतः शिफारस केली. आणि यंदा तात्पुरती जागा काही मंजूर झाली नाही. तुमचं वाईट वाटतं."

 आठ वर्षांत त्या घरात कधी न विचारलेलं बाईंनी विचारलं.

"कोणी, अण्णा?"

"काय कोणी?"

"ठरवलं कोणी?"

अण्णांनी माईंकडं बघितलं. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नसावा. "असं काय विचारता, बाई? ठराव झाला. सभा झाली, ठराव झाला." मग आवाज मऊ करून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. होतं असं."

दारात नंदिनी उभी होती. तिचे डोळे भरले होते, ते खरेच होते. "बाई, मला घरच्यांनी परवाच सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही येत जा हं. माझे पाठ कोण बघणार?"

बाई उठल्या. सवयीनं कपबशी विसळली आणि खिडकीत पालथी घातली. माई लगबगीनं पुढं आल्या. कपबशी उचलून पदरानं पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाईंच्या हातात दिली.

"न्या हो घरी. तुमचीच आहे. इथं आता कोण वापरणार?"

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. बाई आपले खडूचे तुकडे आणि छत्री न्यायला गेल्या. फाटकात केरबा बिडी ओढत होता.

"बाई, झाली न्हवं रिन्यू?"

"नाही केली, केरबा."

"आँ? कुणी?"

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत शाळेत तो प्रश्न नीट विचारणारा हा एकच निघाला. पण तेवढ्यात अण्णांची मोटार वळणावर दिसली. केरबानं बिडी विझवून कानाला लावली, टोपी नीट केली.

"म्या काय इचारलंच न्हाय असं समजा, बाई," तो म्हणाला आणि फाटक उघडायला धावला.

कपबशी चाँदबीला आवडली. बोटांनी फुलं चाचपून बघत ती म्हणाली, "कित्ती नाजूक है गे. बड़े लोगां, बड़ा दिल." हाफिजाबाईंनी ते तसंच राहू दिलं. पुढं रोज सकाळ-संध्याकाळ चाँदबी त्याच कपात चहा पिऊ लागली.

बाई घरी शिकवण्या घेऊ लागल्या. तिशी उलटली, पस्तिशी आली. चाँदबीला दिसायचं पुरतं थांबलं. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात गल्लीतली एक आठवीची मुलगी शिकवणीला आली. दप्तर उघडता उघडता म्हणाली, "कोणीबाई..."

"काय गं?" हाफिजाबाई चटकन म्हणाल्या.

मुलगी गोंधळली. "तुम्हाला नाही, बाई. कोणीबाईंनी वाक्यं दिलीत असं सांगत होते. आमच्या शाळेत एक बाई आहेत ना, नंदिनीबाई. त्यांना आम्ही सगळ्या कोणीबाई म्हणतो. सारखं विचारतात, कोणी केलं, कोणी केलं. फार छान शिकवतात पण. आई म्हणते, त्यांच्या आधी तशी बाईच नव्हती शाळेत."

कोपऱ्यात चाँदबी चहा पीत होती. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"दाखव वाक्यं," हाफिजाबाई म्हणाल्या.

मुलीनं वही पुढं केली. तिसरंच वाक्य होतं, 'हर ऑर्डर वॉज रिन्यूड.' पुढं 'बाय' लिहून मोकळी जागा सोडलेली.

"इथं कोणी घालू, बाई?"

"राहू दे तसंच."

"पण कोणीबाई मार्क कापतात. त्या म्हणतात, आपोआप काही होत नसतं."

"बरोबर सांगतात."

"मग कोणी?"

हाफिजाबाईंनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. थोडा वेळ ती नुसतीच धरून ठेवली. मग परत दिली.

"'समबडी' लिही."

"म्हणजे?"

"कोणी तरी."

मुलीनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती पळतच वही दाखवायला आली. त्या वाक्यासमोर, जरा मोठीच, बरोबरची लाल खूण होती.