पाहुणी हर्माना

“जे मागून घ्यावं लागतं, ते माझं कसं?”

लिओनिला गेरोचे हे बोलली तेव्हा धाकट्या बहिणीच्या दुकानापुढच्या बांबूच्या बाकावर बसून शेवग्याचा पाला खुडत होती. मानही वर केली नाही तिनं. साल्बासियोन दुकानाच्या जाळीमागे उभी होती. हातात बहिणीचा ऑस्ट्रियाचा लाल पासपोर्ट. कपाटात नीट ठेवावा म्हणून घेतला, सहज उघडला आणि मनिलाच्या विमानतळावर मारलेल्या ताज्या शिक्क्यावर तिची नजर अडकली. महिनाभराची मुदत. सान इसिद्रोचा सण त्याच्याही पुढे होता, आणि यंदाच्या सणाची हर्माना होती लिओनिला.

हर्माना होणं म्हणजे काही नुसता मान नव्हे. सगळ्या वस्तीला जेवू घालायचं, संताला नवी वस्त्रं शिवायची, मिरवणुकीत मूर्तीच्या अगदी मागं चालायचं. आदल्या वर्षीचा सण आटोपला की चॅपलच्या पायरीवर पुढच्या हर्मानाचं नाव पुकारतात, आणि नाव वस्तीतल्याच बाईचं असावं लागतं. गेल्या वर्षी लिओनिलाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती व्हिएन्नात होती. साल्बासियोननं फोन वर धरला होता आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू आला होता.

“मानांग, तू तो शब्द बोललीच नाहीस?” साल्बासियोननं विचारलं. मानांग म्हणजे थोरली बहीण.

“नाही.”

तो शब्द म्हणजे बालिकबायान. मायदेशी परतलेला माणूस. इथं जन्मून पुढे परक्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांनाही सरकार वर्षभर विनाव्हिसा राहू देतं. त्यासाठी खिडकीपाशी एवढंच सांगायचं असतं की मी इथली, परत आले आहे, हा घ्या जुना कागद. न सांगणाऱ्याला पाहुणा समजून पाहुण्याचा शिक्का मारतात. त्यात कुणाचा दोष नाही. खिडकीमागच्या मुलीला कपाळावरचं कसं वाचता येणार? वस्तीतली कॅनडाहून येणारी पोरं, अबुधाबीत पासपोर्ट बदललेली माणसं, सगळी हा शब्द हसत हसत फेकतात आणि सामान उचलून बाहेर पडतात. विसरणारा एखादा निघतो, पण तो झोपेत असतो. लिओनिला झोपेत नव्हती.

झालं काय, ते तिनं एकदम कधीच सांगितलं नाही. पाला खुडताना थोडं, रात्रीच्या भाताबरोबर थोडं, असं ते साल्बासियोनच्या हाती आलं. विमानातून उतरून ती सवयीनं इथल्या लोकांच्या रांगेत शिरली होती. पुढे एक खलाशी, मागे लेकराला कडेवर घेतलेली बाई. सगळे आपल्या बोलीत कुरकुरत होते आणि तिला ते ऐकून बरं वाटत होतं. खिडकीशी पोचल्यावर एका अधिकाऱ्यानं लाल पासपोर्ट पाहिला आणि अदबीनं, इंग्रजीत, हातानं दिशा दाखवत तिला परदेशी लोकांच्या रांगेत जायला सांगितलं. ती गेली. तिथं समुद्रात बुड्या मारायचं सामान घेतलेली उघड्या पायांची गोरी पोरं होती. तिची पाळी आली तेव्हा मुलीनं विचारलं, सुट्टीवर आलात का? लिओनिला गप्प राहिली. शिक्का पडला.

“फ्रान्झ असता तर,” साल्बासियोन म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

फ्रान्झ लिओनिलाचा नवरा, व्हिएन्नात ट्राम चालवायचा. त्याला या देशाच्या भाषेतला हा एकच शब्द नीट येत असे. मुलगा मथियास लहान असताना तिघं सुट्टीत यायची, आणि खिडकी दिसताच फ्रान्झ लांबूनच मोठ्यानं ‘बालिकबायान!’ म्हणायचा, जणू कुणा ओळखीच्याला हाक मारतोय. मग बायकोकडे बोट दाखवायचा, ही इथली, मी हिचा. तिच्याबरोबर येणाऱ्या नवऱ्यालाही तीच सवलत मिळते, त्याचा त्याला कोण अभिमान. अधिकारी हसायचे, शिक्के मारायचे. इतक्या वर्षांत लिओनिलाला तो शब्द स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारावाच लागला नव्हता. दोन वर्षांपूर्वी फ्रान्झ गेला. यंदा ती पहिल्यांदाच एकटी आली होती.

साल्बासियोनला या बहिणीचा फार अभिमान. दुकानात आलेल्या कुणालाही ती मानांगच्या गोष्टी सांगायची, ऐकणाऱ्याला मीठ आणि काडेपेटी घेऊन जायची घाई असली तरी. कोळ्याची पोर, शहरात जाऊन परिचारिका झाली, आणि व्हिएन्नाला माणसं हवी होती तेव्हा पहिल्या तुकडीत गेली. भाषा शिकली ती वॉर्डात, म्हाताऱ्यांच्या शिव्यांतून. एका निवृत्त कर्नलनं परक्या बाईचा हात अंगाला लागू द्यायचा नाही असं बजावलं, तेव्हा ती थर्मामीटर त्याच्या उशाशी ठेवून म्हणाली होती, “मग ताप तुम्हीच मोजा. आणि रात्री मरायचं ठरवलंत तर घंटा वाजवू नका, मला झोप प्यारी आहे.” पुढे तोच कर्नल तिच्याशिवाय कुणाच्या हातून गोळी घेईना.

पण एक गोष्ट साल्बासियोन दुकानात सांगत नसे. मथियास पाच वर्षांचा असताना तिघं रेल्वेनं इटलीला चालली होती. सरहद्दीवर पोलीस चढले. नवऱ्याचा पासपोर्ट परत दिला, मुलाचा परत दिला, आणि तिचा हातात ठेवून तिला तेवढं खाली उतरवलं. तिच्या देशाच्या माणसांना व्हिसा लागत असे, तो तिच्याकडे नव्हता. फ्रान्झ भांडला. मूल खिडकीच्या काचेला नाक लावून रडत होतं आणि गाडी हलली. पुढच्याच वर्षी तिनं तिकडच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. ते मिळालं तेव्हा इथलं सुटलं. आईला हे कळलं, आणि त्या ख्रिसमसला लिओनिलानं पाठवलेलं पार्सल कितीतरी दिवस न उघडता कोपऱ्यात पडून राहिलं.

शिक्क्याची बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. साल्बासियोननं ती एकाच माणसाला सांगितली होती, पण दुकानदारणीनं एकाला सांगणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. रविवारी चॅपलमध्ये सणाची बैठक बसली. डुक्कर किती, तांदूळ किती, बँड कुठला, हे सगळं ठरत असताना समितीचा म्होरक्या, सगळ्यांचा मानोंग म्हणजे दादा, इर्नेस्तो कान खाजवत म्हणाला, “हर्माना, तुमचा व्हिसा सणापर्यंत पुरेल ना? नाहीतर संताला जरा लवकर फिरवून आणू.”

बायका पदराआड नव्हे, उघड हसल्या. लिओनिलाही हसली.

“संत तर स्पेनहून आलाय, इर्नेस्तो. त्याचा कधी तपासलास?”

हशा दुप्पट झाला. इर्नेस्तोनं हात जोडले, बैठक पुढे सरकली, फणस आणि काळ्या तुरीत डुकराचं मांस घालायचं की कोंबडी यावर वाद झाला. साल्बासियोनला वाटलं, मिटलं. पण घरी परतताना भाताच्या कापलेल्या शेतांमधून बहीण तिच्या पुढे पुढे चालत होती, मान ताठ, आणि वाटेतल्या कुणाच्या हाकेला तिनं ओ दिली नाही.

आता तिला समजवायचं काम साल्बासियोनकडे आलं. तिनं सोपी वाट सांगितली. मुदत वाढवून मिळते. किनाऱ्यावर झोपड्या भाड्यानं घेऊन पडलेले गोरे तेच करतात, शहरात जातात, फी भरतात, शिक्का आणतात. लिओनिला म्हणाली, त्यांनी जरूर करावं. मग साल्बासियोनच्या मुलानं दुसरी वाट काढली. दोन दिवस सिंगापूरला जायचं, परत यायचं, आणि या वेळी खिडकीशी तो शब्द बोलायचा. वर्षभराची चिंता मिटली. पुष्कळ जण असंच करतात.

लिओनिलानं कॉफीत पावाचा तुकडा बुडवला. “मी आले आहे हे पटवायला आधी निघून जाऊ?”

पोरगा हसत सुटला, पण साल्बासियोन हसली नाही. बहिणीचा आवाज तिला ओळखता येत होता. काहीतरी ठरलं होतं आणि ते सांगायची वेळ अजून आली नव्हती.

ती आली बुधवारी. भर दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, लिओनिला म्हणाली की ती शपथ घेणार आहे. इथं जन्मलेल्याला शपथ घेऊन गेलेलं नागरिकत्व परत मिळतं. त्याचा अर्ज ती शहरात जाऊन देऊन आली होती. बाजाराला जाते म्हणून निघाली होती, आणि खरंच येताना मासळीही घेऊन आली होती.

साल्बासियोनला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग तिला तिकडचा कायदा आठवला. मथियासनंच मागे कधीतरी सांगितलं होतं: आईनं स्वतःहून दुसरं नागरिकत्व घेतलं की ऑस्ट्रियाचं जाणार. आणि ते गेलं की लेकाच्या घरी, नात लेना हिच्या वाढदिवसाला, नवऱ्याच्या थडग्यावर दिवा लावायला जायचं तर व्हिसा काढावा लागणार. दूतावासात बोटांचे ठसे, बँकेचे कागद, परत जाल याचा पुरावा.

“लेनाला बघायला व्हिसा मागशील? या वयात?” साल्बासियोन म्हणाली. “इथं एका खिडकीशी एक शब्द बोलवला नाही तुझ्याच्यानं, आणि तिथं दहा खिडक्यांपुढे उभी राहशील? याला काय म्हणावं, मानांग? लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भात वाळत घातला होता, तिकडे लिओनिला बघत राहिली.

“तिथं मागायची मला लाज नाही, इंदाय.” धाकटीला ती लाडानं इंदाय म्हणायची. “ते घर मी मागूनच मिळवलं होतं. काम मागितलं, भाषा मागितली, नवरासुद्धा मीच मागितला. फ्रान्झला धीरच होत नव्हता. तिथं आणखी एकदा मागेन. नाही म्हणाले तर पुन्हा मागेन.” तिनं जाळीवर बोट आपटलं. “इथं मात्र नाही. इथं मी जन्मले तेव्हा कुणाला विचारून जन्मले नव्हते. शपथ म्हणजे मागणं नव्हे, माझं ते मी उचलून घेणं.”

साल्बासियोननं काडेपेट्या रचल्या, पाडल्या, पुन्हा रचल्या. बहिणीनं कायमचं इथं राहावं ही तिचीच तर इच्छा. आई गेल्यापासून घरातली ती दुसरी खाट रिकामी होती. पण त्या इच्छेचा भार आता व्हिएन्नातल्या एका लहान मुलीवर पडणार होता, जिला शेवग्याचा पाला कसा असतो तेही माहीत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी लिओनिलानं मथियासला फोन लावला. बोलणं जर्मनमध्ये झालं. साल्बासियोनला त्यातलं फक्त सान इसिद्रो आणि लेना एवढंच कळलं, आणि मध्ये आलेली शांतता कळली, ती कुठल्याही भाषेतली असती तरी कळली असती. लिओनिलानं फोन ठेवला, डोळे पुसले नाहीत, भात वाढला.

“काय म्हणाला?”

“आधी चिडला. मग म्हणाला, त्या गाडीच्या खिडकीतून मला सोडून पुढे गेल्याचं त्याला अजून स्वप्न पडतं.” तिनं मासळीचा काटा काढला. “म्हणाला, या वेळी तूच उतरते आहेस, तर उतर. मी येत जाईन.”

शपथेचा दिवस शिक्क्याची मुदत संपायच्या आत आला, सणाच्या बराच आधी. दोघी पहाटेच्या जीपनीनं शहरात गेल्या. कचेरीतली खोली लहान होती, एका भिंतीला झेंडा, पंखा कुरकुरत फिरणारा. आणखी तिघं होती: टोरांटोहून आलेलं एक जोडपं आणि नवा कोरा बारोंग सदरा घातलेला, घामानं भिजलेला एक कॅलिफोर्नियाचा माणूस. लिओनिलानं मियागाओ गावच्या मागावर विणलेला जांभळ्या काठाचा पोशाख घातला होता. अधिकारी तरुण होता, साल्बासियोनच्या मुलाएवढा. तो एकेक वाक्य म्हणायचा आणि सगळे उजवा हात वर करून त्याच्यामागून म्हणायचे. लिओनिलाचा आवाज बाकीच्यांच्या अर्धा शब्द पुढे जात होता. भिंतीशी उभ्या साल्बासियोनला तो सगळ्यांतून वेगळा ऐकू आला, वॉर्डात हुकूम सोडणारा, जरासा खरखरीत, आणि तिनं पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ही माझी बहीण, असं त्या अनोळखी खोलीला ओरडून सांगावंसं तिला वाटलं.

शपथ संपली. टोरांटोच्या जोडप्यानं एकमेकांना मिठी मारली. बारोंगवाला झेंड्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेऊ लागला. अधिकारी एकेकाला कागद देत होता, हात मिळवत होता आणि तेच वाक्य म्हणत होता. बाकीचे आभार मानत होते, एक जण रडला.

लिओनिलाची पाळी आली. त्यानं कागद तिच्या हातात दिला, तोंडभर हसला आणि आजीला म्हणतात तसं लोला म्हणाला.

“लोला, आपल्या देशात तुमचं स्वागत आहे.”

स्वागत तर पाहुण्यांचं करतात, साल्बासियोनला वाटलं. आता ही काहीतरी बोलणार. पोराला जन्मभर पुरेल असं काहीतरी. तोही बहुधा वाट पाहत होता, कारण त्यानं हात सोडला नव्हता. लिओनिलानं त्याच्याकडे नीट पाहिलं, रोग्याचा रंग पाहावा तसं. मग हात सोडवून घेतला, कागदाची घडी केली, पिशवीत घातली, वाटेत आलेली खुर्ची सरकवून जागेवर लावली आणि एक शब्दही न बोलता बाहेर पडली.