दाराबाहेर नसलेल्या चपला

माझी ताई बायकांसाठी समुपदेशन केंद्र चालवते. काल तिचा डबा द्यायला गेलो, तर दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. वाटलं, आज कुणी आलेलं नाही. मी बूट काढून आत गेलो. बाहेरच्या खोलीत पाच-सहा जणी बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पायाशी एक पिशवी, आणि पिशवीत चपला. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी त्या ओळखू नयेत म्हणून.

या बायका जे सांगतात, ते ताईच्या कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद असतं. काल ते कुलूप बदलायचं काम चाललं होतं. ताईने सगळ्यात मजबूत एन्क्रिप्शन मागितलं, तसा फोनच्या स्पीकरवर कॉम्प्युटरवाला हसला.

"मॅडम, साधंच टाकू. तेही फोडायला आजच्या कॉम्प्युटरला जन्म पुरायचा नाही."

"आजच्या ना? कुणी ही माहिती आज चोरून ठेवली आणि पुढे नवं यंत्र आल्यावर उघडली तर? या बायका तेव्हाही याच गावात असतील. त्यांच्या लेकीसुद्धा."

"मशीन हळू चालेल."

"चालू दे."

उद्याचं यंत्र म्हणे कुठलंही कुलूप उघडेल. उघडेल तेव्हा उघडेल. म्हणून आपणच आज कडी काढून ठेवायची? येऊ दे त्याला. दारात घाम गाळू दे.

निघालो, तेव्हा पायरीवर माझे एकट्याचे बूट होते. समोरचा पानवाला त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

बघ लेका, मी मनात म्हटलं. तुला एवढेच दिसणार.