डेअरीचं नाक

डेअरीच्या धक्क्यावर लोक त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे नाकोबा. दोन्ही नावं त्याला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. बावीस वर्षं त्याचं काम एकच. रांग पुढे सरकली, समोरच्याने कॅनचं झाकण उघडलं की नाक आत घालायचं आणि म्हणायचं, ‘घ्या’ किंवा ‘परत’. फॅट किती, पाणी किती हे मशीन सांगे. पण दूध आंबायला लागलंय का, हे आधी त्याच्या नाकाला कळे. एका आंबलेल्या कॅनने अख्खी टाकी नासते, म्हणून त्याचा शब्द शेवटचा. शंका आलीच तर चमचाभर दूध उकळून बघायला कोपऱ्यात शेगडी होती. त्याने ती कधी पेटवली नाही. ‘ज्याला नाक नाही त्याच्यासाठी आहे ती,’ असं तो नव्या लोकांना ऐकवायचा.

धक्क्याच्या एका बाजूला कॅन धुवायची जागा, तिथे गरम वाफ आणि ब्लीचिंगचा भपका. दुसऱ्या बाजूला शीतगृह. दिवसातून वीसदा तो या दारातून त्या दारात जायचा. एका हिवाळ्यात त्याचं नाक चोंदलं, कपाळ ठणकू लागलं, खाली वाकलं की डोळ्यांच्या मागे दगड सरकल्यासारखं व्हायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सायनसमध्ये संसर्ग झालाय, आणि सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. गरज सरो, वैद्य मरो. उरलेल्या गोळ्या कपाटात गेल्या, पुढच्या वेळेला कामाला येतील म्हणून. पुढची वेळ दीड महिन्यात आली, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

बायको पाणी उकळून, कोमट करून, मीठ घालून नाक धुवायला द्यायची. दुखत असेपर्यंत तो धुवायचा, थांबलं की तांब्या तसाच पडून राहायचा. पाचव्या खेपेला डॉक्टरीणबाईंचाही आवाज चढला.

“गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या असतात. नाक रोज धुवा, बरं असलं तरी. आणि त्या वाफेत जाताना मास्क लावा.”

“तोंडाला फडकं बांधून नाकाचं काम कसं करू, बाई?”

“मग काम बदलून मागा. आत मांस वाढलंय. मोठ्या दवाखान्यात दाखवा, छोटं ऑपरेशन आहे.”

तो हो म्हणाला आणि गेला नाही. नाकाला सुरी लागली आणि वास कायमचाच गेला तर, ही त्याची भीती. भीती खोटी नव्हती. पण वास सुरीची वाट बघत बसला नव्हता. एका संध्याकाळी घरी शेगडीवर दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, हा तिथेच दोन हातांवर खुर्चीत बसलेला. बायको अंगणातून धावत आली.

“अहो, तुम्ही इथेच होतात ना?”

तिने पातेलं उतरवलं, त्याच्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

“उद्या डेअरीत सांगा.”

“सांगतो.”

सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाक गेलं तर नाकोबाचं उरतं काय? शेगडी पेटवली असती तरी निभावलं असतं, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्याने वेगळीच वाट काढली. कॅनमध्ये नाक तो पूर्वीसारखंच घालायचा, पण बघायचा माणसाकडे. ज्याने शिळं दूध मिसळलंय तो झाकण उघडताना आपल्या चपलांकडे बघतो, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. चपलांकडे बघितलं की ‘परत’. आठ महिने हे खपलं. आपल्या हुशारीचं त्याला कौतुकही वाटायला लागलं होतं.

एका गाईचं दूध घेऊन येणारी एक बाई होती. अकरा वर्षांत तिचा कॅन एकदाही परत गेला नव्हता. एका सोमवारी तिने झाकण उघडलं आणि खाली बघत उभी राहिली.

“परत,” तो म्हणाला.

तिने एकदा वर बघितलं, झाकण लावलं आणि कॅन उचलला. मंगळवारी कॅन घासून लखलखीत करून आणला होता, पण आता तिच्या मनात धास्ती, मान वर होईना. परत. बुधवारीही तेच.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी आली ती रिकाम्या हाताने, सभासदाचं कार्ड घेऊन. तिच्या पाठीमागे रांग होती.

“हे जमा करायचंय, काका.”

“का हो?”

“गाय विकली काल. वासरासकट. तीन दिवस दूध ओतून दिलं, पोरांनाही दिलं नाही. मी चाखलं होतं, मला काही कळलं नाही. पण तुमचं नाक कधी चुकत नाही. म्हणजे गाईलाच काहीतरी झालं असणार.”

त्याला लाज वाटली, आणि रांगेची भीती त्याहून जास्त वाटली. कार्ड घेऊन गप्प बसता आलं असतं. बायकोखेरीज कुणाला ठाऊक होतं?

“सोमवारी तुम्ही खाली का बघत होतात?” त्याने विचारलं.

तिला प्रश्नाचा रोख कळला नाही. “भाऊ गेला माझा रविवारी. रडून डोळे सुजले होते. का?”

“मला वास येत नाही,” तो म्हणाला. “आठ महिने झाले. मी तुमचं तोंड बघून दूध परत केलं.”

रांगेतलं बोलणं थांबलं. बाई चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“मग मला विचारायचं होतंत, काका,” ती म्हणाली. “मी खरं सांगितलं असतं.”

कार्ड टेबलावर ठेवून ती धक्क्याच्या पायऱ्या उतरली. तिच्या मागच्या माणसाने कॅन पुढे सरकवला. झाकण मात्र त्या माणसाने उघडलं नाही. तो कोपऱ्यातल्या शेगडीकडे बघत उभा राहिला.