फुगलेलं हिरवं पाकीट

तैपेईच्या इलेक्ट्रॉनिक बाजाराच्या तळघरात रुआन छिंगशुई तेवीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करत बसला. हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर भिंग आणि जिभेवर गोष्ट. एकदा एका मासळीवाल्याचा लॅपटॉप उघडला तर आतून मूठभर सुकी कोळंबी निघाली. छिंगशुईनं ती झटकली, पंखा बदलला, मेमरी वाढवली. यंत्र पुढे सहा वर्षं चाललं. गिऱ्हाईक मात्र कोळंबी परत मागायला आलं, असं तो शपथेवर सांगायचा. शेजारी वायरी विकणारी लियाओबाई म्हणायची, "गेल्या वेळी चिमूटभर होती दादा, आज मूठभर झाली."

पण त्याची लाडकी गोष्ट बायकोच्या, छाइश्याच्या, लॅपटॉपची. काळं, जाडजूड धूड. अकरा वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या, दोन डिस्क झाल्या, एक कीबोर्ड झाला. नव्या वर्षाच्या साफसफाईत ती खिडक्या पुसायला घ्यायची आणि हा लॅपटॉपचं पोट उघडून ब्रश फिरवायचा. झाकण लावलं की वर नारळाच्या चवीच्या मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवायचा. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथे सगळेच ठेवतात. हिरवंच हवं, फोडायचं नाही, आणि तारीख उलटायच्या आत बदलायचं.

गल्लीतल्या लग्नांत आशीर्वादाच्या चारोळ्या म्हणायचा मान छाइश्याचा. नात पेइच्युन कॉलेजात होती तेव्हापासून ही तिच्या लग्नासाठी चारोळ्या जुळवत होती. चारोळ्या घरच्या तैवानी बोलीतल्या, आणि ती बोली लिहायची कशी ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून दार लावून लॅपटॉपमध्ये आवाज भरून ठेवायची. कुणाला ऐकू द्यायची नाही.

पुढे तिची मनगटं दुखायला लागली आणि छिंगशुई तिच्यासाठी नवा लॅपटॉप घेऊन आला. पानासारखा पातळ. बॅटरी गोंदानं चिकटवलेली, साठवणीची चिप बोर्डालाच झाळलेली, उघडायला बाहेर एक स्क्रू नाही.

"याचं पोट दुखलं तर कुठून बघणार, दादा?" लियाओबाईनं विचारलं.

"याला पोटच नाही," तो खुशीत म्हणाला.

तीन वर्षं सुखाची गेली. बत्तीस चारोळ्या झाल्या. मग एका दुपारी छाइश्या म्हणाली, "अहो, हे पाकीट जरा वर आल्यासारखं वाटतं का हो? तिरकं बसलंय."

त्यानं पाहिलं. खरंच तिरकं होतं. तारीखही जवळ आली होती. "हवा धरली असेल," असं म्हणून त्यानं नवं पाकीट आणून ठेवलं. जुना लॅपटॉप असता तर चार स्क्रू काढून आत डोकावला असता. याला वरून फडकं मारलं आणि झालं. पंधरा दिवसांत नवं पाकीटही तिरकं झालं, पण तोवर छाइश्या दवाखान्यात होती.

ती गेली. घरात कुणी गेलं की तिथल्या रिवाजाप्रमाणे ठरलेलं लग्न शंभर दिवसांच्या आत उरकायचं, नाहीतर पुढे ढकलायचं. पेइच्युननं आतलीच तारीख धरली. "आजीचा आवाज आहे ना," ती म्हणाली. "मग आजी आहेच."

छिंगशुईनं लॅपटॉप उचलला तसं पाकीट घसरून पडलं. खालचं यंत्र भाकरीसारखं फुगलं होतं. फुगलेली बॅटरी म्हणजे काय, हे त्यानं शेकडो लोकांना समजावलं होतं.

गरम हवा देत, बारीक तार सरकवत त्यानं दोन दिवसांत ते उघडलं. बॅटरीनं बोर्ड दाबला होता आणि चीर नेमकी साठवणीच्या चिपमधून गेली होती. कंपनीच्या काउंटरवरची मुलगी गोड होती. "बोर्ड नवा बसवून मिळेल, आजोबा. आतलं मात्र येत नाही."

"मला आतलंच हवंय, पोरी," तो म्हणाला.

मग त्याला जुनं धूड आठवलं. कपाटातून काढलं, दुसरी बॅटरी खटकन बसवली, आणि ते चालूही झालं. बाकीचं सगळं त्यानंच तेव्हा नव्यात हलवून टाकलं होतं; शेवटच्या दिवसाची एकच फाइल मागे राहिली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी माशाची पेज निवत होती आणि आजा-नात ऐकत होते. छाइश्यानं घसा साफ केला.

"लाल कंदील दारी लागले,
नवरीच्या पावली घर जागले..."

इतक्यात दार आपटलं आणि छिंगशुईचाच आवाज आला, आनंदानं फुटलेला. "अगं, टाक ते धूड! बघ तरी काय आणलंय तुला!" ती हसली. "अहो, दोन ओळी राहिल्यात, थांबा की." मग टिक् झालं.

त्या दोन ओळी तिनं नव्यात म्हटल्या होत्या.

त्यानं फाइल मागे नेऊन ती जागा पुन्हा ऐकली. मग छिंगशुई म्हणाला, "माझा आवाज कापून टाकतो."

"नको," पेइच्युन म्हणाली. "कापलात तर ती मध्येच का थांबली, ते कळणार नाही."

लग्नात तसंच लावलं. दोन ओळी झाल्या, दार आपटलं, छिंगशुईची आरोळी आली आणि मांडव हसला. हा माणूस बायकोला कधी पुरतं बोलू द्यायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी हाक मारली, "दादा, पुढचं तुम्हीच सांगा आता."

तो उठून उभा राहिला. तेवीस वर्षांत त्याच्या तोंडून शब्द आला नाही असं कधी झालं नव्हतं. थोडा वेळ तो हात चोळत उभा राहिला आणि खाली बसला.