गालातली गोळी

सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन साडेसातवर आलं, तेव्हा घरात सगळ्यांना धक्का बसला. मला नाही बसला, कारण लोहाची लाल गोळी मी तीन महिन्यांपासून घेतच नव्हते.

दुपारचं जेवण झालं की सासूबाई गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या. मी गोळी तोंडात टाकायचे, गालात सरकवायचे आणि वरून पाणी प्यायचे.

"घेतली ना वं?"

"हव, मम्मी."

मग संडासात जाऊन थुंकायचे. वरचा गोड लाल लेप तोवर विरघळलेला असायचा आणि जिभेवर गंजक्या खिळ्याची चव राहायची. जीभ लाल दिसली तर संशय नको, म्हणून जेवताना बीट खायचे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. गोळीनं माझं पोट साफ होत नव्हतं. पंडरी बाजाराजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात संडास एकच. मी आत गेले की थोड्या वेळानं बाहेर सासरे खाकरायचे, मग पुन्हा खाकरायचे. बोलायचं कोणी काही नाही, पण त्या खाकरण्यानं मला जीव नकोसा व्हायचा. एके दिवशी गोळी थुंकली, दोन दिवसांत पोट हलकं झालं, आणि मग तेच चालू राहिलं.

मे महिना होता. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना चढायचा-उतरायचा नाही हे सासूबाईंनी ठरवून टाकलेलं. त्या वाईट नव्हत्या, हीच तर अडचण. वाईट असत्या तर मी भांडले तरी असते. त्या माझ्यासाठी लाल भाजी निवडायच्या, डाळिंब सोलायच्या, कूलरचं तोंड माझ्याकडे करायच्या, आणि मी कूस बदलली तरी विचारायच्या, "का झालं?" एवढ्या प्रेमात माणसाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. नवरा लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता. त्याचे शर्ट भिजवले की बादलीच्या तळाला लोखंडाची काळी भुकटी बसायची. घरात लोखंड भरपूर होतं, माझ्या रक्तात तेवढं नव्हतं.

माझी एक समजूत होती, तिच्या जोरावर मी निवांत झोपायचे. आमच्याकडच्या बाया सांगतात, बाळ आपलं आपण ओढून घेतं. आई वाळते, बाळ वाळत नाही. म्हणजे कमी पडलं तर मला पडेल. मी थकेन, मला धाप लागेल. तेवढं मला चालणार होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "गोली रोज लेती हो?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, "मैं अपने हाथ से देती हूँ, मॅडम."

डॉक्टरबाई विचारात पडल्या. गोळ्या लागू पडत नाहीत म्हणजे रक्तातच काही दोष असू शकतो, म्हणाल्या. सुरुवातीची सिकलिंगची तपासणी ठीक आली होती, आता मोठी तपासणी करू. सिकलिंग हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या भागात त्याच्या नुसत्या नावानं जुळलेली लग्नं मोडतात. सासूबाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी विचारलं, "पर बच्चा तो अपना खींच लेता है ना?"

माझाच प्रश्न त्यांच्या तोंडून आला होता. मी कान टवकारले.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या लिफाफ्यावर पेनानं एक जाड पट्टा काढला. ही वार, नाळेतून बाळाला पोसणारी. अलीकडे आईचं रक्त, पलीकडे बाळाचं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. आईच्या रक्तातलं लोह एका प्रथिनाला धरून वारेपर्यंत येतं. वार त्याला पकडते, आत घेते, लोह उतरवून घेते आणि प्रथिन रिकामं परत पाठवते. मग ते लोह पलीकडे बाळाच्या रक्तात सोडते. उलट रस्ता नाही. सगळ्यात जास्त लोह शेवटच्या तीन महिन्यांत जातं, आणि जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ त्याच साठ्यावर काढतं.

"ओढून घेतं हे खरं आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "आईकडे कमी असलं की वार जास्त जोर लावते. पण आईचं फारच कमी झालं तर वारेलाच पुरत नाही. तिलाही काम करायला लोह लागतं. मग ती आधी स्वतःपुरतं ठेवते, आणि बाळाला कमी जातं."

मी त्या पट्ट्याकडे बघत बसले. तीन महिने मी समजत होते की मी माझंच नुकसान करते आहे. तिथंच तोंड उघडायला हवं होतं. पण शेजारी सासूबाई बसल्या होत्या, ज्यांनी आताच छातीठोकपणे सांगितलं होतं की स्वतःच्या हातानं देते. त्यांना मी डॉक्टरांसमोर कशी खोटी पाडणार? माझी हिंमत झाली नाही. मी भित्री आहे, हे त्या दिवशी मला पक्कं कळलं.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी माझ्या माहेरी, दुर्गला, आईला फोन लावला. "विहीणबाई, उद्या येऊन जा. तुमचंही रक्त तपासून घेऊ." दोष असला तर तो सुनेच्याच माहेरून आला असणार. बाळाला तो दोन्हीकडून येऊ शकतो, तरी आपल्या पोराचं रक्त तपासावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी पोटात बाळ फिरू लागलं. एरवी मी पोटावर हात ठेवायचे. त्या दिवशी ठेववेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रक्त तपासायच्या खोलीत बसलो. माझं रक्त घेऊन झालं. आई खुर्चीवर बसली, तिनं बाही वर केली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "असंल बाई माह्यातच काही. मले लहानपणापासून कमजोरी रायतेच."

तिच्यात काही नव्हतं. ती आयुष्यभर कधी आजारी पडलेली मला आठवत नाही. तरी दोष अंगावर घ्यायला ती तयारच बसली होती.

"मी गोळ्या घेतल्याच नाहीत," मी म्हणाले. "रोज थुंकून टाकत होते."

सासूबाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी एकच विचारलं, "काहून?"

सगळ्यांसमोर मी संडासाची गोष्ट सांगितली. किती फालतू वाटली ती तिथं!

"मले सांगाचं होतं ना वं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले. "मी का तुह्यी दुश्मन होती?"

मी आईला म्हणाले, "ऊठ, आता रक्त द्यायची गरज नाही."

आई उठली नाही. तिनं हात तसाच पुढे ठेवला आणि सुईवाल्याला म्हणाली, "घ्या भैया." मग मला म्हणाली, "त्यांच्या मनात एकदा आलं ना. आता कागदावर आल्याबिगर थे जात नाही."

सासूबाई खाली बघत राहिल्या. नको, असं त्या म्हणाल्या नाहीत.

त्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या, आणि लगेच शिरेतून लोह द्यायला घेतलं. काळपट तपकिरी बाटली टांगली आणि थेंब पडू लागले. बाळाला आतापर्यंत किती कमी गेलं, हे आज सांगता येणार नाही, म्हणाल्या.

आई माझ्या पलंगाशी बसली होती, कोपरात कापूस दाबून. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आई, चुकलं माझं. माफ कर."

तिनं हात सोडवून घेतला नाही. पण म्हणाली, "मले काय माफी मांगून राहिली? मांगाची असंल तं पोटातल्याले मांग."