पथ्य काही नाही

लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमच्या ह्यांनी मला कधी 'काय खाशील?' असं विचारलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण बोलण्यात भारी कंजूष. वडगाव रासाईत त्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला, तेव्हा ह्यांनी आणि सासूबाईंनी बैलगाडीत घालून मला शिरूरला नेलं.

डॉक्टर तरुण होते. पांढऱ्या गोळीनं घाम येऊन ताप उतरेल, गुलाबी मिक्श्चरनं कफ सुटेल, पण रोगाचं मूळ मरेल ते पेनिसिलीनच्या सुईनंच, असं त्यांनी समजावलं. सुया संपेपर्यंत तिथंच सासूबाईंच्या बहिणीकडे राहायचं ठरलं.

"आन् पथ्य काय?" सासूबाईंनी विचारलं.

"पथ्य काही नाही. मागेल ते खाऊ द्या."

सासूबाईंचा चेहरा उतरला. आमच्याकडे वैद्य पथ्य सांगतो ते जगणाऱ्याला. ज्याचं काही खरं नाही, त्यालाच मागेल ते द्या म्हणतात. औषध नवं होतं, हे वाक्य मात्र आमच्या चांगलं ओळखीचं. मीही ते ऐकलं.

संध्याकाळी हे उशाशी येऊन बसले. "काय खावंसं वाटतंय?"

मी पेढा म्हटलं, पेढा आला. दुसऱ्या दिवशी डाळिंब आलं. नांगर धरून राठ झालेल्या बोटांनी हे एकेक दाणा सोडवत आणि माझ्या तळहातावर ठेवत. मरणाची भीती होतीच, पण ह्यांना सोडून जायचं त्याहून जास्त जिवावर येत होतं. मेला हा माणूस आत्ता कुठं मला सापडला होता.

मी मात्र रोज थोडी थोडी बरी होत चालले. ताप गेला, कफ सुटला. शेवटची सुई देऊन डॉक्टर म्हणाले, "छाती साफ झाली. घरी जा आता."

"म्हंजी, ही जगंल?" ह्यांनी दबकत विचारलं. "तुम्हीच म्हनला व्हता, मागंल ते द्या म्हनून."

डॉक्टरांना कळायलाच वेळ लागला. "अहो, अंगात ताकद यावी म्हणून म्हणालो. चांगली म्हातारी होईल ती."

हे तिथंच, सगळ्यांदेखत, धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. सासूबाईंनी डॉक्टरांना हात जोडले.

परतताना बाजारात ताजी जिलबी दिसली. मी हळूच म्हटलं, "थोडी घ्या ना."

"घरी भाकरी हाय की," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

तेव्हा कुठं मला खात्री पटली, की मी जगणार.